खवलोजीच्या पेटीतले जादा वेढे

एका जंगलात एक खवल्या मांजर राहत होतं. त्याचं नाव खवलोजी. आता बाळांनो, खवल्या मांजर हे मांजर नसतं, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेलच. जंगलातही ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण नाव एकदा पडलं की पडलं. खवलोजीला अंगाचं वेटोळं करून बसायची उपजत कला होती. त्या कलेतूनच त्याने धंदा काढला होता. तो तांब्याची तार गुंडाळायचा.

ओढ्यापलीकडे एक ओसाड डाकबंगला होता. साहेब लोक केव्हाच निघून गेले होते. मागे तबकड्या वाजवायचं यंत्र, एक अँप्लिफायर, दोन कर्णे आणि छपरावरची उन्हावर चालणारी वीज एवढं राहिलं होतं. तिथे दर रविवारी दुपारी जंगलाचं श्रवण मंडळ जमे.

तबकडीवरून येणारा आवाज बारीक असे. तो अँप्लिफायरकडे जायच्या आधी मधे एक पेटी लागे. ती खवलोजीने केली होती. आत लोखंडी पत्र्यांचा गाभा आणि त्यावर तारेचे वेढे. आवाज आत शिरायच्या बाजूला जितके वेढे, बाहेर पडायच्या बाजूला त्याच्या दुप्पट. त्यामुळे आवाज दुप्पट होऊन पुढे जाई. या पेटीला वीज लागत नसे. ऐकलेलं पुढे सांगावं आणि पदरचं काही घालू नये, असं सगळ्या जंगलात ती पेटीच तेवढी वागत असे.

मंडळाकडे तबकड्या बऱ्याच होत्या, पण लावली जायची ती शामाबाईंची. शामाबाई म्हणजे त्या जंगलातल्या थोर गायिका. शामा पक्ष्याच्या जातीच्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मागे ही एकच तबकडी राहिली होती. त्यांच्यामागे वीस वर्षं तंबोरा धरून बसलेले भारद्वाजबुवा मात्र अजून होते. दर रविवारी ते लाल पंख आवरून पहिल्या रांगेत येऊन बसत आणि डोळे मिटून घेत.

बुवा गाण्यासाठी येत नसत. गाणं त्यांना पाठ होतं. तबकडीच्या मध्यावर बाई श्वास घ्यायला क्षणभर थांबतात. तंबोऱ्याची एक तार उतरलेली असते, ती बुवा हळूच जुळवतात. आणि बाई, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, म्हणतात, "लागला." वीस वर्षांत बाईंनी बुवांना एवढंच एकदा बरं म्हटलं होतं. ते ऐकायला बुवा येत. ते झालं की डोळे उघडत आणि चालू लागत. ही गोष्ट त्यांनी फक्त खवलोजीला सांगितली होती, आणि खवलोजीला ती आपल्या सगळ्या कामाची पावती वाटत असे.

एका रविवारी मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले. अध्यक्ष गवा होते. त्यांचं वजन लक्षात घेऊन त्यांना बिनविरोध निवडलेलं होतं.

"मागे ऐकू येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

ते खरं होतं. मागच्या रांगांत रानडुकरं कंद खात बसलेली असत. सांबरं आपल्या मुलींच्या स्थळांविषयी बोलत असत. खुद्द अध्यक्ष कधी कुणाला काय सुनावलं ते सांगत असत. एवढ्यात शामाबाईंचा आवाज कुठे पोचणार?

"गप्प बसून ऐकलं तर पार शेवटच्या रांगेला ऐकू येतं," खवलोजी म्हणाला.

चिटणिसांनी लगेच इतिवृत्तात लिहिलं: कारागिराने श्रोत्यांचा अपमान केला.

अध्यक्ष मोठ्या मनाचे होते. ते म्हणाले, "खवलोजी, रागवू नका. पेटी दुप्पट करते, ती चौपट करू दे, एवढंच म्हणणं. थोडे जादा वेढे घाला. की तुमच्याच्याने होणार नाही?"

बाळांनो, इथेच घात झाला. खवलोजीला 'नाही' म्हणता येत होतं. जमणार नाही, असं म्हणता येत नव्हतं. कारागिरांची ही जुनी खोड आहे.

"होईल की," तो म्हणाला.

त्याने पेटी उघडली आणि आठ दिवस वेढे घातले. घालताना त्याला मनातून कळत होतं की हे बरं नाही. विजेवाचून चाललेल्या पेटीत आवाज उंच करता येतो, पण त्याच्या अंगातला जोर वाढवता येत नाही. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं. आखूड पांघरूण घेऊन झोपलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अध्यक्षांना मात्र पांघरुणाची सवय नव्हती.

रविवारी तबकडी लागली. आवाज चौपट झाला आणि निम्मा पातळ झाला. बाईंचा खर्ज बसला. वरची चमक गेली. मधलं तेवढं उरलं, तेही डब्यात तोंड घालून गायल्यासारखं. पहिल्या रांगेत बुवांनी मान जरा पुढे केली. "लागला" आलं, पण ते ओळखायला त्यांना कष्ट पडले.

मागच्या रांगांना फार आनंद झाला. आता मोठ्याने बोललं तरी गाणं बुडत नव्हतं. म्हणून ते मोठ्याने बोलू लागले. तिसऱ्या रविवारी गाणं पुन्हा बुडालं.

"मागे ऐकू येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

या वेळी प्राध्यापक वानरे यांना बोलावलं. हे ध्वनितज्ज्ञ होते. तीन जंगलांत राहून आले होते आणि तिन्ही जंगलांनी त्यांना जाताना प्रशस्तिपत्र दिलं होतं. परत येऊ नये म्हणून दिलं, असं काही जण म्हणत. पण असूया सगळीकडेच असते.

वानऱ्यांनी पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "ही पेटी स्वतः काहीच करत नाही," ते म्हणाले.

"तेच तिचं काम आहे, सर," खवलोजी म्हणाला.

"आजच्या काळात असं चालत नाही," वानरे म्हणाले, आणि त्यांनी खवलोजीच्या पेटीपुढे आपली एक पेटी जोडली. तिला वीज लागत होती. तिच्यावर तांबडा दिवा होता. दिवा लागला तशी सभेने टाळी वाजवली. तबकडी अजून लावायची होती.

पेटीतून एक घूं असा आवाज येऊ लागला. खवलोजीने कान टवकारले. "सर, हे काय?"

"भरदारपणा," वानरे म्हणाले.

सभेला तो शब्द आवडला. पुढच्या रविवारपासून मंडळी घरी जाताना म्हणू लागली, काय भरदार वाजतं हो हल्ली. सांबरांच्या एका मुलीचं लग्न त्या घूंच्या साक्षीने ठरलं, त्यामुळे त्याला धार्मिक अंगही आलं.

तरी गाणं मागे पोचेना. आता घूंवर बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे, आणि ओरडण्यावर बाईंनी गायचं म्हणजे तर फारच. तेव्हा वानऱ्यांनी अखेरचा उपाय केला. ओढ्यातला एक खडा आणला आणि तबकडीवर फिरणाऱ्या सुईच्या दांड्यावर ठेवला.

"सुई जितकी दाबून बसेल, तितका आवाज जास्त," ते म्हणाले.

"तबकडी कोरली जाईल," खवलोजी म्हणाला. या वेळी तो चक्क उभा राहून म्हणाला. पण तेवढ्यात आवाज वाढला होता, आणि मागे त्याचं बोलणं ऐकू गेलं नाही.

खवलोजीने तेव्हा खडा उचलून ओढ्यात फेकायला हवा होता. तुम्ही म्हणाल, मग का नाही फेकला? त्याच रविवारी त्याचा सत्कार होता. मूळ पेटी त्याची म्हणून त्याला पळसाच्या पानांची शाल द्यायची होती. शाल अंगावर असताना खडा फेकणं कुणालाही जड जातं. तो शाल घेऊन बसला आणि त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

बुवा येतच होते. दर रविवारी पहिल्या रांगेत. घूं चालू असताना डोळे मिटून बसत, मान पुढे करत, अजून पुढे करत. हल्ली ते सगळ्यांच्या शेवटी उठत.

असे दहा रविवार गेले. मग खवलोजीला राहवेना. एका गुरुवारी सकाळी तो एकटाच डाकबंगल्यावर गेला. वानऱ्यांची पेटी सोडवून बाजूला ठेवली. दांड्यावरचा खडा काढला. आपली पेटी उघडून जादा घातलेले वेढे एकेक करून उलगडले. दुपार झाली तेव्हा तार पहिल्या हिशेबावर आली. इकडे जितके, तिकडे दुप्पट. अंग झटकून तो उठला आणि बुवांना बोलावून आणलं.

"या बुवा. आज कुणी नाही. आज निवांत ऐका."

बुवा बसले. पंख आवरले. डोळे मिटले. खवलोजीने सुई अलगद टेकवली.

घूं नव्हता. इतकी शांतता त्या खोलीत कित्येक दिवसांत झाली नव्हती. त्या शांततेत खरखर ऐकू येऊ लागली. खरखरीच्या मागून कुणीतरी गात होतं. मोठे स्वर होते, जिथे बाईंनी आवाज लावला होता ते. हळू होतं ते सगळं सुईने तासून नेलं होतं. खवलोजीला तबकडी मध्यावर आलेली दिसत होती. श्वासाची जागा आली. सुई खरवडत पुढे गेली.

तबकडी संपेपर्यंत बुवा हलले नाहीत. मग त्यांनी डोळे उघडले.

"ही दुसरी कुणाची लावलीस का रे?" त्यांनी विचारलं.

खवलोजीने तबकडीकडे पाहिलं. वरचं बाईंचं नाव स्पष्ट दिसत होतं. बुवांची नजर आता तेवढी पोचत नव्हती.

"हो बुवा," तो म्हणाला. "चुकून दुसरी लागली."

"मग ठीक," बुवा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मी घाबरलो होतो. म्हटलं, माझेच कान गेले. बाईंची सापडली की सांग. मी येईन."

"सांगतो," खवलोजी म्हणाला.

बुवा हळूहळू ओढ्याकडे निघून गेले. खवलोजीने अंगाचं वेटोळं केलं. रविवारी मंडळ जमलं तरी त्याने ते सोडलं नाही. तेव्हा मंडळाने त्याला बाजूला सरकवून जागा केली आणि वानऱ्यांची पेटी पुन्हा जोडली. तबकडी लावायची राहून गेली. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि कार्यक्रम फार भरदार झाला.

तात्पर्य: मुलांनो, ऐकू येत नसेल तर आवाज वाढवत जावा. गप्प बसून ऐकणारा फार तर एखादाच असतो, आणि एकाने मंडळाची गणसंख्या पूर्ण होत नाही.