रजेवरचा पत्ता

माणसाने घराला कुलूप लावावं आणि निघून जावं, इतकी साधी गोष्ट. पण दशरथ केळुसकरांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, बायको जिना उतरल्याची खात्री करून घेतली आणि खिशातून एक कागद काढून दारावर चिकटवला. तिथेच सगळी वाट लागली.

कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘निम्नस्वाक्षरीकार दि. २४ ते २६ डिसेंबर या कालावधीत सपत्नीक रजेवर आहेत. रजेवरचा पत्ता : हॉटेल सागरवैभव, खोली क्र. १२, जुहू. काही काम असल्यास वरील पत्त्यावर अवश्य संपर्क साधावा. प्रत माहितीसाठी : शांताबाई, तळमजला.’

यात केळुसकरांचा तसा दोष नव्हता. (असं ते स्वतः सांगतात.) घाटकोपरच्या एका सरकारी कचेरीत ते आस्थापना शाखेचे हेडक्लार्क. रजेवर जाणाऱ्याने रजेवरचा पत्ता दिला नाही, तर अर्ज पुढे सरकत नसे. खंडू शिपायाने एकदा पत्त्याच्या जागी ‘बायकोचे माहेर’ असं लिहिलं, तर केळुसकरांनी ‘कोणत्या बायकोचे, ते स्पष्ट करावे’ असा शेरा मारून अर्ज परत पाठवला. असा माणूस दाराला नुसतं कुलूप लावून कसा जाईल? हात शिवशिवणारच.

मुळात हॉटेलचं खूळ निघालं ते त्यांच्या बायकोच्या, म्हणजे शेवंतीवहिनींच्या, एका वाक्यातून. दर नाताळच्या सुट्टीत केळुसकरांचा धाकटा भाऊ लवू कुडाळहून बायकामुलांसह नाहूरला हजर व्हायचा. सोबत धाकूमामा. पत्र टाकायचा, पण पत्राच्या आधी माणसं पोचायची. मग आठ दिवस वहिनी स्वयंपाकघरात आणि बाकी सगळे मुंबई बघायला. यंदा डिसेंबर लागला तेव्हा वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “अहो, लग्नाला वीस वर्षं झाली. मला दोन दिवस असे द्या की कुणी मला चहा टाक म्हणणार नाही. बाकी काही नको.”

आवाज चढवला नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. म्हणूनच केळुसकर घाबरले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुहूच्या हॉटेलात समुद्राकडची खोली ठरवली. आणि शब्द दिला, “दोन दिवस तू हात ओला करायचा नाहीस. हेडक्लार्कचा शब्द आहे.”

खोली खरोखर झकास होती. गॅलरीतून दोन माडांच्या मधून समुद्र दिसत होता, हवेत गारवा होता. वहिनींनी खुर्ची ओढली, पाय कठड्यावर टाकले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या. वाटीत निवडायला काही नाही, सुईदोरा नाही, काही नाही. वीस वर्षांत केळुसकरांनी बायकोला रिकाम्या हातांनी बसलेली पाहिली नव्हती. त्यांना एकदम भरून आलं. (नंतर चहाची तल्लफ आली आणि भरून आलेलं ओसरलं.)

चहा मागवला. वेटरने किटलीत गरम पाणी, इवल्याशा भांड्यात कोमट दूध, साखरेचे चौकोनी खडे आणि दोऱ्याला बांधलेली एक पुडी आणून ठेवली.

“हे काय आहे?” केळुसकर गरजले.

“चाय, साब.”

“चहा? अरे, हे चहाचं सामान झालं! उद्या जेवण मागवलं तर तांदूळ आणि काडेपेटी आणून देशील काय?”

वेटर गेला. केळुसकर धुसफुसत उठले, पलंगाखालची वळकटी सोडली आणि आतून वातीचा स्टोव्ह, भांडं आणि चहापत्तीचा डबा बाहेर काढला. वहिनी बघतच राहिल्या.

“तुम्ही स्टोव्ह आणलात?”

“अडीअडचणीला असावा म्हणून. घोटभर टाकतेस?”

“मी रजेवर आहे,” वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा समुद्राकडे तोंड केलं.

केळुसकरांनी स्वतः चहा केला. तो हॉटेलच्या चहापेक्षा वाईट झाला, हे त्यांनी आजतागायत कबूल केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. केळुसकरांनी उघडलं, तर समोर डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेतलेला लवू. मागे त्याची बायको सुगंधा, त्यांची चार मुलं, काठी टेकत धाकूमामा, आणि सर्वांत मागे घाटकोपरची बहीण कुंदा, नवरा आणि दोन पोरांसकट.

“दादा!” लवूने ट्रंक थेट गादीवर ठेवली. “काय रे ह्या! आमका आधी सांगूक नको? दारार चिठी बघलंय, कुंदाक घेतलंय नि सरळ हय इलव.”

“पण अरे, ते काही काम असल्यास...”

“‘अवश्य’ लिवलेला हा मां? इतक्या मानान बोलवलंस, मगे नाय कसा म्हणतलव?” धाकूमामांनी पलंगावर मांडी ठोकली आणि चारी बाजूंना नजर फिरवली. “बरी आसा खोली. गरम पाणी येता काय?”

येत होतं. नळ फिरवला की गरम पाणी, ही बातमी पोरांत फुटली आणि आंघोळीची रांग लागली. कुंदाचा नवरा पंचा गुंडाळून रांगेच्या टोकाला, पार जिन्यापाशी उभा होता. सुगंधाने ओले कपडे गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातले आणि माडांसकट समुद्र धाकूमामांच्या धोतरामागे गेला. वहिनींची खुर्ची आत आली, तिच्यावर ट्रंक चढली. लवूने ट्रंकेतून सुक्या बांगड्यांची पुडी सोडली आणि ती वाऱ्याला असावी म्हणून खिडकीत ठेवली.

पाच मिनिटांत मॅनेजर नाक दाबत वर आला. “मिस्टर केळुसकर, हे काय चाललंय? कॉरिडॉरमध्ये मासळीचा वास येतोय! गेस्ट कम्प्लेंट करतायत!”

खरं तर केळुसकरांनाही तेच म्हणायचं होतं. पण परक्या माणसाने आपल्या माणसांच्या बांगड्याला नावं ठेवावीत? त्यांचं मालवणी रक्त उसळलं.

“मासा समुद्रातला,” ते कडाडले, “हॉटेल समुद्रावर, नाव सागरवैभव! आणि वास चालत नाही? मग हॉटेल पुण्याला काढायचं होतंत! आणि तुमच्या त्या चहाबद्दल तर मी लेखी तक्रार करणार आहे. तीन प्रतींत!”

“शाब्बास, दादा!” लवू म्हणाला. “वैनी, ह्येच्यावर जरा च्या टाक गे. रातभर एश्टीत आंग आंबलाहा. स्टो हाडलंस ता बरा केलंस.”

खोलीत अकरा जणांनी माना वळवल्या. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी लवूकडे पाहिलंच नाही. त्या फक्त नवऱ्याकडे बघत राहिल्या. एक वाक्य हवं होतं त्यांना, एकच. ‘आज ती चहा करणार नाही.’ पाच शब्द. कचेरीत पाचशे शब्दांचे शेरे मारणाऱ्या माणसाला जड नव्हतं.

केळुसकरांनी घसा खाकरला. “शेवंती,” ते म्हणाले, “दमून आलीत माणसं. एवढा एकदाच टाक ना.”

वहिनी टेबलाशी गेल्या, पाठमोऱ्या वाकून काहीतरी लिहिलं, ते खोलीच्या चावीखाली सरकवलं आणि आपली पिशवी उचलली.

“दूध आणते,” त्या म्हणाल्या.

केळुसकरांना हायसं वाटलं. किती समजूतदार बाई! ते नव्या जोमाने मॅनेजरकडे वळले आणि कॉरिडॉरमध्ये उभं राहून चांगला पाऊण तास भांडले. पाहुण्यांच्या संख्येबद्दल नियम दाखवा म्हणाले, नियम दाखवल्यावर त्या नियमाची तारीख विचारली, तारीख दाखवल्यावर नियमाखालची सही वाचता येत नाही म्हणून हरकत घेतली. मॅनेजर शेवटी कपाळाला हात लावून खाली गेला. केळुसकर विजयी मुद्रेने खोलीत आले.

“दादा, च्याचा काय झाला?” लवू म्हणाला. “वैनी दूध हाडूक गेली ती गेलीच.”

“येईल. जुहूला म्हशी कमी आहेत,” केळुसकर म्हणाले आणि वेळ बघायला टेबलावरचं घड्याळ उचलायला गेले. तेव्हा त्यांना चावीखालचा कागद दिसला.

हॉटेलचाच कागद. अक्षर शेवंतीचं. ते त्यांना ओळखू यायला क्षणही लागला नाही, कारण वीस वर्षं त्यांनी घरी आणलेल्या मसुद्यांची शुद्ध प्रत तीच तर काढून द्यायची.

‘निम्नस्वाक्षरीकार दि. २५ व २६ डिसेंबर या कालावधीत रजेवर आहे. रजेवरचा पत्ता : स्वतःचे घर, नाहूर. घरात सध्या कोणीही नाही. काही काम असल्यास येऊ नये. प्रत माहितीसाठी : शांताबाई, तळमजला.’

‘येऊ नये’च्या खाली दोन रेघा होत्या.

केळुसकरांनी घराच्या चावीसाठी खिसे चाचपले. रिकामे. कालच, पिशवीत सुरक्षित राहील म्हणून, त्यांनी ती स्वतःच बायकोकडे दिली होती.

ते संतापले. हेडक्लार्कच्या बायकोने हेडक्लार्कला कागदावर कळवावं? त्यांनी चष्मा पुसला आणि निदान मसुद्यात तरी एखादी चूक सापडावी म्हणून तो कागद तीनदा वाचला. दिनांक होता, कालावधी होता, पत्ता होता, प्रत होती, खाली सही होती. परत पाठवण्यासारखं काही नव्हतं.

“दादा,” आंघोळीच्या रांगेतून कुंदाचा नवरा ओरडला, “माझ्यात साखर कमी!”

केळुसकरांनी कागदाच्या कोपऱ्यात, वर्षानुवर्षांच्या सवयीने, ‘मंजूर’ असं लिहून सही केली. मग ते खाली बसले, बाह्या वर केल्या आणि बारा कपांसाठी स्टोव्हची वात वर सारली.