गैरहजर बोट

विद्यापीठाच्या दारातल्या हजेरीच्या यंत्राने सतारीच्या सरांना सलग अठराव्या दिवशी ओळख दाखवली नाही. सरांनी डाव्या हाताची तर्जनी काचेवर टेकवली, पुसून टेकवली, फुंकर मारून टेकवली. यंत्र लाल झालं. सर त्याहून लाल झाले आणि मुकाट्याने वर शिकवायला गेले.

तसा दोष कुणाचाच नव्हता. यंत्र बसवलं तेव्हा सर नुकतेच काविळीतून उठले होते. दोन महिने सतारीला हात नव्हता, बोट लोण्यासारखं मऊ. त्याच बोटाचा ठसा यंत्राने घेतला. मग सर बरे झाले, रोज चार तास रियाजाला बसू लागले आणि तारेने बोटावर अशी खोल चरी पाडली की ठसा पार मोडून गेला. थोडक्यात, सर जितके सतारिये, तितके गैरहजर.

एरवी हेही चालून गेलं असतं. पण प्राध्यापकपदाची मुलाखत दीड महिन्यावर आली होती. एकवीस वर्षं वाट पाहिलेलं पद! आणि अर्जासोबत शेवटच्या पंधरा दिवसांची यंत्रातली हजेरी लागणार होती. दुसरं बोट देऊ का, असं सरांनी विचारलं. कारकुनाने नियम दाखवला: एकदा नोंदवलेलं बोट वर्षभर बदलता येत नाही. वर्गातली मुलं साक्ष देतील, म्हटलं, तर फॉर्मवर साक्षीदाराचा रकानाच नव्हता.

घरी बायकोने ग्लिसरीन चोळलं, मग साय चोळली. मुलीने कंपासपेटीतलं खोडरबर घासून पाहिलं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की कातडी नवी यायला हवी, म्हणजे सतार बंद.

"अहो, महिन्याचा तर प्रश्न आहे," बायको म्हणाली. "लोक तब्येतीसाठी काय काय सोडतात."

"लोक सिगारेट सोडतात," सर म्हणाले.

सतार खोळीत गेली. सर वर्गात गाऊन शिकवू लागले. घरी रियाजाच्या वेळी ते सतरंजीवर तसेच बसत आणि बोटं गुडघ्यावर फिरत राहत. मुलगी त्या खोलीपाशी आली की पाय न वाजवता जायची. सोळाव्या दिवशी यंत्र हिरवं झालं आणि 'धन्यवाद' म्हणालं. सरांनी नकळत त्याला नमस्कार केला.

मुलाखतीला परीक्षक म्हणून एक म्हातारे सतारिये आले होते. त्यांनी फाईल उघडलीच नाही. सरांचा डावा हात मागून घेतला आणि तर्जनीवरून अंगठा फिरवला.

"किती दिवस वाजवलं नाहीस?"

"महिना झाला."

"आजारी होतास?"

"नाही," सर म्हणाले. "हजर होतो."

म्हाताऱ्यांनी कोपऱ्यातली सतार त्यांच्यापुढे सरकवली. सरांनी आलाप सुरू केला. तिसऱ्या मींडेला, तार ओढताना, नवी कातडी फाटली. सर थांबले नाहीत. मुलाखतीला बसलेले कुलसचिव गालिच्यावर पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिले, म्हातारे बोटाकडे. आलाप संपल्यावर म्हाताऱ्यांनी आपला रुमाल सरांच्या बोटाला बांधला आणि मगच कागदावर सही केली.

प्राध्यापक झाल्याच्या पहिल्या सकाळी सर यंत्रासमोरून सरळ जिन्याकडे निघाले. कारकुनाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सर, बोट राहिलं."

"ते कामावर आहे," सर म्हणाले आणि वर गेले.