पिवळ्या मण्यांची जागा

पिवळा मणी पाण्याला भितो.

भरलेलं दप्तर कशावर ठेवतोय, हे कुणी बघत नाही.

शेजारच्या बाकावरचं उत्तर आपल्यापेक्षा नेहमीच ठसठशीत दिसतं.

बाईंची नोकरी अजून कच्ची होती.

हाताळल्याशिवाय ज्ञान पक्कं होत नाही, असं शिक्षण खात्याचं परिपत्रक सांगतं. (परिपत्रक अद्याप कुणी हाताळलेलं नाही.) त्यानुसार जीवशास्त्राच्या बाईंनी वर्गात तारा आणि मणी वाटले. तार म्हणजे प्रथिनाची साखळी, मणी म्हणजे तिचे दुवे. निळ्यांना पाणी आवडतं, पिवळ्यांना पाण्याचं वावडं. पेशीत जिकडेतिकडे पाणीच. तेव्हा साखळी अशी गुंडाळायची, की पिवळे आत दडतील आणि निळे बाहेर मिरवतील. घडी जमली तर प्रथिन कामाचं, नाहीतर नुसता गुंता. दुपारी तपासणीचे साहेब येणार होते. वर्गाला जमलं तर बाई कायम, नाहीतर बाई मोकळ्या.

आणि काय सांगावं, सगळ्यांना जमलं! शिक्षणाच्या इतिहासात असं सहसा होत नाही, त्यामुळे ते फार टिकलंही नाही.

पहिल्या बाकावर वर्गातली हुशार मुलगी बसायची. तिला सगळे 'उत्तरसूची' म्हणत. तिच्या मैत्रिणीने आपलं दप्तर धपकन तिच्या मॉडेलवर ठेवलं.

"अय्या, चपटं झालं गं!"

उत्तरसूचीने ते ओढून काढलं, घाईघाईत पुन्हा गुंडाळलं. पिवळे बाहेर आले.

मागे कुजबुज सुरू झाली.

"ए, तिचे पिवळे बाहेर आहेत."

"चुकलं असेल."

"कोण, ती?"

"मग आपलंच चुकलं! उलगड, उलगड लवकर!"

बाकामागून बाक उलगडत गेला. दर दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांनी आपलं बरोबर मॉडेल मोडलं. (दहावा गैरहजर होता.) उत्तरसूचीलाही मध्येच शंका आली होती, पण तिने मागे वळून पाहिलं तर सगळ्यांचेच पिवळे बाहेर! तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात साहेब आले. एकेक मॉडेल उचलून बघत, इतकं एकमत पाहून भारावत, ते बाईंच्या टेबलापाशी पोचले. तिथे बाईंनी स्वतः केलेलं मॉडेल होतं, पिवळे आत.

"बाई, हे एकच वेगळं कसं?"

बाईंनी तोंड उघडलं. समोर सगळा वर्ग हरखून पिवळाधमक झालेला. साहेबांच्या पेनाचं टोपण निघालेलं.

"ते होय, साहेब? चुकलेलं कसं दिसतं, ते दाखवायला ठेवलंय."

"वा! म्हणजे तुमच्याकडे चूकसुद्धा हाताळता येते!"

साहेबांनी तिथल्या तिथे सही ठोकली. बाई कायम झाल्या. त्यांचं मॉडेल 'चुकीचा नमुना' म्हणून कपाटात गेलं. आता दरवर्षी नवी मुलं ते बघून खोखो हसतात. बाईही हसतात, जरा जास्तच मोठ्याने.

असो. पिवळ्या मण्याला पाणी अतिशय प्रिय असल्यामुळे तो बाहेरच शोभतो, हे आपण अगदी सुरुवातीलाच पाहिलं. बहुतेक वाचकांनी आत्ता मान डोलावली. ज्यांना शंका आली, त्यांनीही वर जाऊन बघायचं टाळलं. इतक्या ठामपणे छापलंय, म्हणजे बरोबरच असणार.

त्या मैत्रिणीच्या दप्तरात जीवशास्त्राचं पुस्तक होतं.