लग्नापासूनचं अपेंडिक्स

बायकोचं बोलणं शब्दशः खरं मानणारी संस्था या देशात आजमितीस एकच उरली आहे, आणि ती म्हणजे विमा कंपनी. नवरे मानत नाहीत, सासवा मानत नाहीत, शेजारीपाजारी तर मुळीच मानत नाहीत. म्हणूनच 'चिरसोबत आरोग्य विमा कंपनी'ने सोलापूरच्या पारूबाईंवर जो विश्वास दाखवला, त्याची कृतज्ञ नोंद घेणं आम्हाला आवश्यक वाटतं.

पारूबाईंचे मालक सिद्राम हे एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर. दोन वर्षांपूर्वी कमलाकर नावाचे विमा एजंट त्यांच्या घरी येऊ लागले. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाता खाता ते म्हणत, "वहिनी, आपण घरचीच माणसं." पॉलिसी निघाली. हप्ते वेळेवर गेले. (याबाबत कंपनीची काहीही तक्रार नव्हती.) मग एके सकाळी सिद्रामांच्या पोटात अशी कळ आली, की त्यांना रिक्षात घालून इस्पितळात न्यावं लागलं.

आता 'कधीपासून दुखतंय?' या प्रश्नाचं खरं उत्तर देण्याची आपल्याकडे रीत नाही. 'सकाळपासून' म्हटलं तर डॉक्टर गोळी लिहून देतात. 'महिनाभर' म्हटलं तर पोट दाबून बघतात. 'लई वर्षं' म्हटलं तरच मोठ्या डॉक्टरांना बोलावणं जातं. आम्ही जातीने केलेल्या पाहणीत शंभरातल्या शंभर नातेवाइकांनी दुखणं वाढवून सांगितल्याचं आढळलं. (पाहणीही थोडी वाढवून सांगितली आहे.)

पारूबाईंनी रीत सोडली नाही. "डॉक्टरसायेब, लगीन झाल्यापासनं ह्यांचं प्वाट दुखतंय बगा. एक दिस सुखाचा न्हाय!"

शिकाऊ डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं : पोटदुखी, विवाहापासून. मोठे डॉक्टर धावत आले, अपेंडिक्स काढलं, सिद्राम वाचले. म्हणजे रीत लागू पडली.

कंपनीने मात्र बिल अडवलं. तेव्हा मुलीच्या, बुद्धप्रियाच्या, नर्सिंग कॉलेजच्या फीसाठी साठवलेले पैसे इस्पितळाच्या खिडकीत गेले. कॉलेजने फीसाठी दुसऱ्या सत्रापर्यंत मुदत दिली. तोवर फी न भरल्यास तिची जागा जाणार होती.

यथावकाश कंपनीचं पत्र आलं. 'रुग्णास विवाहापासून पोटदुखी होती. विवाह पॉलिसीच्या वीस वर्षे आधी झाला. सबब आजार पूर्वीचा असून आपण तो दडवला. दावा नामंजूर.' शिवाय आजाराची नेमकी सुरुवात निश्चित करण्यासाठी विवाहनोंदणीचा दाखला मागवला होता. वीस वर्षं दम धरणारं अपेंडिक्स वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही. पण वैद्यकशास्त्राने कंपनीची नियमावली वाचलेली नसते.

कमलाकरांचा फोन लागेना. (घरची माणसं अडचणीत फोन उचलत नाहीत, त्यामुळे त्यांचं म्हणणं खरंच ठरलं.) आपल्या एका वाक्यापायी पोरीचं शिक्षण बुडतंय, हे पारूबाईंच्या जिवाला लागलं. त्यांना घास गोड लागेना. शेवटी त्या सात रस्त्याजवळच्या शाखेत तक्रार अधिकारी निवेदिता मॅडमपुढे उभ्या राहिल्या.

"मॅडम, हजार हेलपाटे घातले की ओ तुमच्या हापिसात!"

मॅडमनी शांतपणे नोंदवही पाहिली आणि लेखी उत्तर दिलं : 'नोंदीनुसार आपल्या फेऱ्या तीन. सबब तक्रारीतील मजकूर असत्य.' पारूबाई म्हणाल्या, चपला झिजल्या. मॅडमनी चपलांचा फोटो जोडायला सांगितला.

त्या दिवशी बुद्धप्रियाने आईला समोर बसवलं. "आई, आता जे झालं तेवढंच बोलायचं. वाढवायचं न्हाय."

"तेवढंच बोललं तर कोण ऐकतंय?" पारूबाईंनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता, तरी मायलेकींनी तो बाजूला ठेवला. दावा कोणत्या कलमाखाली नाकारला, ते कंपनीकडून लेखी घेतलं. दुखणं त्याच सकाळचं होतं, 'विवाहापासून' हे निदान नव्हे, असं मोठ्या डॉक्टरांकडून लिहून घेतलं. आणि सगळं विमा लोकपालांकडे धाडलं. तिथे फी नाही, वकील नाही. (ही सोय कंपनीच्या पत्रात छापलेलीच होती, भिंग बाळगणाऱ्यांसाठी.)

सुनावणी मोबाईलवर झाली. निवेदिता मॅडम म्हणाल्या, "हे खुद्द रुग्णाच्या पत्नीचं विधान आहे. आम्ही विधान जसंच्या तसं घेतो."

पारूबाईंनी कंपनीचं माहितीपत्रक मोबाईलसमोर धरलं. हसऱ्या कुटुंबाच्या फोटोखाली छापलं होतं : 'प्रत्येक संकटात तुमच्या दाराशी उभे.'

"आमच्या दाराशी कुणी न्हवतं उभं. दूधवाला तेवढा हुता."

"अहो, ती जाहिरातीची भाषा. ती जशीच्या तशी घ्यायची नसते."

"मग माजी बी बायकोची भाषा हाय की! तीच तेवढी कशी घेतली?"

लोकपालसाहेबांना अकस्मात खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. निकाल मात्र स्पष्ट लागला : दाव्याची रक्कम व्याजासकट द्यावी. बुद्धप्रियाची फी मुदतीत भरली गेली. पारूबाई त्या दिवशी लई रडल्या, आणि हे आम्ही वाढवून सांगत नाही. सिद्राम हल्ली पोट दुखलं तरी घरात बोलत नाहीत.

न्याय झाला, पण एक बाब राहून गेली. लोकपालांपुढच्या कागदांत पॉलिसीचा अर्जही होता. त्याच्या तळाशी छापलं होतं, 'वरील सर्व अटी मी काळजीपूर्वक वाचल्या असून त्या मला पूर्णपणे समजल्या आहेत.' खाली सिद्रामांची सही. पारूबाईंचं वीस वर्षांचं अपेंडिक्स या वाक्यापुढे किरकोळ आहे, तरी त्याबद्दल सुनावणीत कोणी चकार शब्द काढला नाही. काढणार कोण?

तेव्हा आपणही आपली पॉलिसी कपाटातून काढा. वाचा असं म्हणत नाही, तेवढी अपेक्षा नाही. फक्त शेवटचं पान उलटून, त्या वाक्याखाली सही कोणाची आहे, ते बघा.