इंग्रजीचं माहेर कशेळे

इंग्रजी भाषा इंग्लंडात जन्मली, हे घरत मास्तरांना मान्यच नव्हतं. निदान तिचे वाक्प्रचार तरी आपल्या कशेळ्याच्या पंचक्रोशीतले, असं ते वर्गात छातीठोकपणे सांगत. अर्थ बिनचूक, उगम मात्र घरचा. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. त्यांचा आवाज चढला की माझी पोरं भिंतीला कान लावायची, आणि खरं सांगायचं तर मीही.

'किक द बकेट', म्हणजे मरणे, हा वाक्प्रचार म्हणे रेल्वेच्या ठाकुरवाडी हॉल्टवरच्या एका गँगमनमुळे रूढ झाला. त्यानं रागानं गोऱ्या साहेबाची बादली लाथाडली आणि आठवड्यात वारला. मी शंका काढली, तर मास्तर म्हणाले, गणितवाल्यांनी बोलू नये, तुमचं शून्य तरी कुणी बघितलंय?

'स्पिल द बीन्स'चा मान त्यांनी दहावीतल्या हिरूच्या आजोबांना दिला होता. आजोबा माळकरी. एका थंडीत त्यांनी शेतात पोपटी लावली. मडक्यात पाला, वालाच्या शेंगा, मडकं उपडं करून भोवती जाळ. शिकारीला आलेल्या साहेबाच्या घोड्यानं मडकं लाथाडलं. शेंगा सांडल्या आणि त्यांच्यामागून कोंबडीची तंगडी बाहेर आली. आजोबांचं गुपित फुटलं, साहेबाला वाक्प्रचार मिळाला.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी नेमका हाच विचारला. हिरू ताठ उभी राहिली. "माज्या आज्याच्या मडक्यातून आला त्यो." सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. अधिकाऱ्यांनी शेरा मारला, की मास्तरांनी वर्गासमोर चूक कबूल करून तसं लेखी द्यावं, नाहीतर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली. मास्तरांची आई अंथरुणाला खिळलेली, बघणारं दुसरं कुणी नाही.

कबुलीचा मसुदा करायला मी त्यांच्या घरी गेलो. फळीवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात प्रत्येक वाक्प्रचाराचा खरा उगम छापलेला आणि त्याखाली मास्तरांच्या पेन्सिलीच्या रेघा. म्हणजे गृहस्थाला सगळं ठाऊक होतं. मी भडकलो.

मास्तर शांतपणे म्हणाले, "खरं त्येच हाय. पन त्या अख्ख्या बुकात आपल्यातलं कुनी नाय. बोर्डिंगात इंग्रजीच्या तासाला मी चोरासारखा बसायचो. माज्या पोरांना तसं बसवनार नाय."

तरी आईसाठी दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन वर्गात उभे राहिले. सगळे उगम आपणच रचले, एवढं वाचून झालं, तोच हिरू उठली.

"मंग माजा आजा इंग्रजीत नाय?"

 मास्तरांनी कागद घडी करून खिशात घातला. "हाय गं. बस खाली."

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. आईला पाठीवर घेऊन ते एस.टी.त चढले. मला त्यांचा राग आला, हेवाही वाटला, आणि एस.टी. वळणाआड गेल्यावर मी चक्क रडलो.

नवा शिक्षक मिळेपर्यंत इंग्रजीचा तास माझ्या गळ्यात पडला. पहिल्याच दिवशी एक वाक्प्रचार आला. मी अर्थ सांगितला. पोरं आता उगमाची वाट बघत बसली. मी पुस्तक मिटलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "आपल्या लोधिवलीला एक म्हातारी राहायची."