मुखवट्यांच्या लगद्याचे धपाटे

परभणीच्या अवधूतला घरातलं एकही काम धड येत नाही, हे त्याचं स्वतःचंच मत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते एवढंच, की चुडाव्याच्या सासऱ्यांचंही तेच मत होतं. आश्रुबा मोजकं बोलायचे. पण जावयानं खिळा ठोकायला हातोडी उचलली की गुपचूप उठून ती काढून घ्यायचे. (एकदा तर त्यांनी त्याच्या हातातला नारळ काढून घेतला होता, तोही देवापुढे.) लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या तोंडून एक चांगला शब्द काही पडला नाही, आणि अवधूतचा जीव त्या एका शब्दात अडकलेला.

अशात एका रविवारी आश्रुबा न सांगता दारात हजर. डोळे दाखवायला म्हणून रेल्वेनं आले, तर दवाखाना बंद. पोटात कावळे ओरडत होते. अवधूतची बायको रेणुका एका शाळेत चित्रकला शिकवते. ती सातवीच्या पोरींना घेऊन रंग आणायला बाजारात गेली होती. अवधूतनं तिला एक फोन करायला काय हरकत होती? पण नाही. साहेबांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "मामा, टेका तुमी. आज मीच करून घालतो."

आश्रुबांनी बाहेर चहा-पोह्यांवर भागवू म्हणून सुचवून पाहिलं. त्यांचं कोण ऐकतंय!

ओट्यावर मोठं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. झाकण काढलं तर आत करडा, ओला गोळा आणि मेथीचा वास. अवधूतला बायकोबद्दल एकदम भरून आलं. बिचारी, शाळेच्या एवढ्या धांदलीतही धपाट्यांचं पीठ भिजवून गेली! त्यानं तिखट, मीठ, ओवा, कोथिंबीर सगळं सढळ हातानं घातलं, ओल्या फडक्यावर थापलं, बोटानं भोकं पाडली आणि तव्यावर टाकलं. धपाटे तुटेनात की फाटेनात. इतके एकजीव धपाटे आपल्या आईलाही कधी जमले नाहीत, असं त्याला वाटून गेलं. एक तर उलटताना खाली फरशीवर पडला, पण कड म्हणून मोडली नाही. (तो त्यानं स्वतःच्या ताटात घेतला. जावई असला तरी माणूस सज्जन.) उत्साहाच्या भरात त्यानं अख्खं पातेलं रिकामं केलं.

आश्रुबांनी पहिला घास घेतला. चावला. चावतच राहिले. अवधूत समोर परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखा बसला होता.

"कसं झालंय, मामा?"

"दमदार हाय," आश्रुबा म्हणाले आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

मग अवधूतनं खाऊन पाहिलं. घास दातांखाली नुसता फिरत होता, गिळायचं नाव घेईना. पण सासरे खातायत म्हटल्यावर जावयानं मागं सरायचं कसं? "मला तर असंच आवडतं," तो म्हणाला आणि आणखी एक वाढून घेतला. दही संपलं, लोणचं संपत आलं. मधेच आश्रुबांनी तोंडातून काहीतरी काढून कढीपत्ता ठेवावा तसं ताटाच्या कडेला ठेवलं. अवधूतनं वाकून पाहिलं. कागदाचा तुकडा होता आणि त्यावर बारीक छापलेलं होतं, 'त्वरित पाहिजेत'.

तेवढ्यात रेणुका पोरींना घेऊन आली. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच विचारलं, "अहो, पातेल्यातला लगदा कुठाय?"

उद्या शाळेत प्रदर्शन होतं. त्यासाठी तिनं जुने पेपर भिजवून, वाटून, कीड लागू नये म्हणून मेथीची पूड घालून मुखवट्यांचा लगदा केला होता. हे ती सांगत होती आणि सातवीच्या पोरी दाराशी उभ्या राहून ताटाकडे बघत होत्या. जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं अवधूतला झालं.

रेणुका वडिलांवर घसरली. "आबा, ह्यांचं सोडा. तुमालाबी कळलं न्हाई?"

"पयल्या घासालाच कळलं. तुझी आई टोपली लिंपायला कागद-मेथीचा ह्योच लगदा लावती की."

"मग खाल्लं कशाला?"

"जावयानं पयल्यांदा आपल्या हातानं करून घातलं, बाई. ताट सारावं कसं?"

अवधूतच्या घशात आवंढा आला. (थोडा धपाटाही होता.) त्याला सासऱ्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

उरलेल्या धपाट्यांपैकी एक निकिता नावाच्या पोरीनं उचलून तोंडाला लावला. भोकं नेमकी डोळ्यांवर आली. मग काय, पोरींनी तेच रंगवले, दोरे ओवले. प्रदर्शनात पाहुण्यांनी खरपूस रंगाचं फार कौतुक केलं. फक्त मुखवटे घातलेल्या पोरी तिखटानं सारख्या शिंकत होत्या.

पुढच्या महिन्यात आश्रुबा पुन्हा आले. या खेपेला अवधूतची छाती फुगलेली होती. आता आपण लाडके जावई. आश्रुबांनी पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला, लेकीला वाढला, स्वतः घेतला. मग सुतळीनं बांधलेला जुन्या पेपरांचा जाडजूड गठ्ठा दोन्ही हातांनी जावयासमोर ठेवला.

"तुमाला आवडतं म्हणलात, म्हणून गावभर फिरून गोळा केलं, जावईबापू," ते मायेनं म्हणाले. "मेथी घरात असंलच."