गुडघ्याचा दोर आणि मन्मथअप्पा

बँकेच्या काउंटरला बांधलेलं पेन मन्मथअप्पांनी आजवर तीनदा तोडलंय. लिहिताना नव्हे, त्याची दोरी ओढून. कॅशियर रागावला की वर त्यालाच विचारतात, "बांधताना ताण देऊन बघितलं न्हवतं का?"

लातूरच्या गंजगोलाईत अप्पांचं दोरांचं दुकान आहे. कासरे, दावी, विहिरीचे सोल, पाळण्याच्या दोऱ्या. शेजारी माझं वह्या-पुस्तकांचं. अप्पा दिसेल ते ओढून बघतात: नव्या शर्टाचं बटण, एसटीतली कडी, माझ्याकडच्या दप्तरांचे पट्टे. त्या पट्ट्यांपायी मी एकदा आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला होता. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या सुनेचा, रेणुकाचा, गुडघा गेला. मुलगा पुण्याला कंपनीत. रेणुका इथंच राहून पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज सकाळी ती मैदानावर पळायची आणि अप्पा धोतर सावरत, घड्याळ घेऊन कडेला उभे असायचे. एकदा उडी मारून उतरताना पाय पिळवटला आणि गुडघ्यातला लिगामेंट तुटला. पुन्हा पळायचं तर ऑपरेशन करावं लागणार होतं. डॉक्टरांनी समजावलं, "तुटलेलं नुसतं शिवून भागणार नाही. तिच्याच पायातली एखादी कंडरा काढून तिथं बसवू. कंडरा म्हणजे स्नायूचं दोरीसारखं टोक."

दोरीसारखं हा शब्द डॉक्टरांनी वापरायला नको होता.

त्या दिवसापासून अप्पा या विषयातले जाणकार झाले. हे डॉक्टर म्हणत होते, मांडीमागच्या दोन बारीक कंडरा काढून, दुमडून चारपदरी करू. अप्पांनी लगेच दुसरे डॉक्टर गाठले. ते म्हणाले, गुडघ्याच्या वाटीखालची पट्टी घेऊ. दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा येतो, त्यामुळे पक्की बसते. फक्त पुढं गुडघे टेकताना दुखू शकतं. वाटीच्या वरची जाड कंडराही चालते, हेही तिथंच कळलं. झालं! अप्पांनी दुकानाच्या आढ्याला तीन नमुने टांगले: चारपदरी सुती दोरी, सपाट नवार आणि अंगठ्याएवढा सोल. प्रत्येकाला पाच-पाच किलोचं वजन. आठ दिवस गिऱ्हाइकं डोकं वाचवत आत येत होती.

"नवार बोटभर वाढली बघा," अप्पा मला सांगायचे. "चारपदरी हालंना. पर मांडीमागचं काढल्यावर पळताना जोर कमी पडंल का? लई डोकं फिरायलंय."

"अप्पा, सुनेचा गुडघा आहे तो, बैल नाही."

"बैलासाठी येवढा इचार कोण करतंय?"

शेवटी कुणीतरी नांदेडच्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. अप्पा रेणुकाबरोबर मलाही घेऊन गेले. डॉक्टर शांत स्वभावाचे. त्यांनी अप्पांचं सगळं ऐकून घेतलं, पाच किलोच्या वजनांसकट.

"काका, नीट बसवली तर तिन्ही टिकतात," ते म्हणाले. "खरा प्रश्न काढायची कुठून, हा आहे. जिथून काढू तिथं थोडंफार उणं पडतंच. हिला पळायचंय, गुडघेही टेकायचेत. मी वाटीच्या वरची घेईन."

रेणुकाला एक्स-रेसाठी आत नेलं. अप्पा बसून राहिले. दोरांबद्दल आता ते आणखी काहीतरी विचारणार, म्हणून मी मनातल्या मनात डॉक्टरांची माफी मागून ठेवली. अप्पा उठले. चप्पल काढली, धोतर गुडघ्याच्या वर घेतलं आणि उजवा पाय खुर्चीवर ठेवला.

"माझ्यातलं काढा."

मला हसू फुटलं. डॉक्टरही हसले. "काका, आपल्याकडं जिवंत माणसाची कंडरा काढून दुसऱ्याला बसवत नाहीत. आणि हिचं वय लहान आहे, हिची स्वतःचीच चांगली रुजेल."

अप्पांनी पाय खाली घेतला नाही.

"लेकरू मुखेडला माय-बाप, घरदार, समदं सोडून माझ्या घरी आलंय, डॉक्टरसायेब," ते म्हणाले. "आता आनखी तिच्यातलंच काढायचं?"

पांढऱ्या केसांचा तो सुकलेला पाय तसाच खुर्चीवर होता, आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.